एपी कॅल्क्युलसच्या पहिल्या टेस्टला ७१: हा आकडा कसा वाचायचा?

तुमच्या प्रश्नाचा गोषवारा आधी लिहिते, म्हणजे ज्यांच्या घरी हाच पेच आहे त्यांनाही संदर्भ लागेल. लेक न्यू जर्सीत अकरावीत आहे आणि तिने एपी कॅल्क्युलस बीसी घेतलंय. (एपी म्हणजे अॅडव्हान्स्ड प्लेसमेंट, हायस्कुलातच शिकायचा कॉलेजच्या पातळीचा विषय. कॅल्क्युलसमध्ये असे दोन कोर्स आहेत: एबी लहान, बीसी मोठा.) आजवर गणितात ‘ए’ सोडून दुसरी ग्रेड तिने पाहिलेली नाही. सप्टेंबरअखेरच्या पहिल्या टेस्टला ७१ मिळाले. तिच्या म्हणण्याप्रमाणे बहुतेक उत्तरं बरोबर होती, तरी गुण गेले. होमवर्कला एकूण ग्रेडच्या फक्त १० टक्के, बाकी सगळं टेस्ट आणि क्विझवर, आणि शिक्षिका सरसकट गुण वाढवून देत नाहीत. हे मार्किंग जास्तच कडक आहे का, एबीमध्ये बदलून घ्यावं का, शिक्षिकांना ईमेल लिहावी का आणि ट्यूशन लावावी का, हे तुमचे चार प्रश्न.

मी अमेरिकेतल्या एका सरकारी हायस्कुलात बरीच वर्षं एबी आणि बीसी दोन्ही शिकवते. स्वतः बारावी महाराष्ट्र बोर्डातून केली आहे, त्यामुळे तुमच्या मनात कुठली मोजपट्टी आहे याची मला चांगली कल्पना आहे. तुम्ही सांगताय तसं मार्किंग या विषयात रूढ आहे. ७१ला घाबरू नका, पण तो पेपर दप्तरात तसाच राहू देऊ नका. कुठल्या ओळीवर गुण गेले हे कळल्याशिवाय तुमच्या चारपैकी एकाही प्रश्नाचं नीट उत्तर देता येणार नाही. म्हणून हे उत्तर बरंचसं त्या ओळींबद्दल आहे.

पहिल्यांदा एक गल्लत दूर करू. एपी कॅल्क्युलसमध्ये मुलाला दोन वेगळे निकाल मिळतात आणि त्यांचा एकमेकांशी थेट संबंध नसतो. शाळेची ग्रेड शिक्षिका देतात, ती ट्रान्सक्रिप्टवर, म्हणजे शाळेच्या अधिकृत ग्रेड-नोंदीवर जाते आणि तिचे नियम शाळा किंवा डिस्ट्रिक्ट ठरवते. एपी चालवणाऱ्या कॉलेज बोर्ड या संस्थेची परीक्षा मे महिन्यात होते, तिचा १ ते ५ मधला स्कोअर जुलैत कळतो. तोपर्यंत शाळेची ग्रेड केव्हाच बंद झालेली असते, त्यामुळे मेमध्ये ५ मिळाले म्हणून जूनमधला ‘बी’ बदलत नाही. कॉलेज बोर्ड अभ्यासक्रम ठरवतं, शाळेची विषययोजना तपासून ‘एपी’ हे नाव वापरायला मान्यता देतं. पण होमवर्कला किती टक्के, टेस्ट परत देता येते की नाही, ८९.५चा ‘ए’ होतो की ‘बी प्लस’, यात ते लक्ष घालत नाही. त्यामुळे शेजारच्या गावातल्या मैत्रिणीच्या मुलाला त्याच विषयात ९६ कसे, हा प्रश्न मनात येणं साहजिक असलं तरी त्या तुलनेतून काहीच कळत नाही. आपल्याकडे पहिली टेस्ट परत मिळण्याची वेळ आणि मंडळाचा गणेशोत्सव बहुतेक एकाच सुमाराला येतात, आणि आरतीनंतर जेवणाच्या रांगेत हीच तुलना चालते. ती मनावर घेऊ नका.

आता मोजपट्ट्या. आपल्या पिढीच्या डोक्यात ६० म्हणजे फर्स्ट क्लास आणि ७५ म्हणजे डिस्टिंक्शन. अमेरिकन शाळेत साधारणपणे ९०ला ‘ए’, ८०ला ‘बी’, ७०ला ‘सी’. आणि एपीच्या परीक्षेत तिसरंच. तिथे ४५ बहुपर्यायी प्रश्न आणि सहा सविस्तर प्रश्न असतात. सविस्तर प्रत्येक प्रश्न ९ गुणांचा, म्हणजे ५४. बहुपर्यायी भागालाही तेवढंच वजन, म्हणून एकूण १०८. या १०८पैकी साधारण दोन तृतीयांशाच्या आसपास मिळाले की ५, म्हणजे सर्वोच्च स्कोअर. नेमकी रेषा दरवर्षी थोडी हलते. अलीकडच्या वर्षांत बीसी देणाऱ्यांपैकी ४० टक्क्यांहून जास्त मुलांना ५ मिळालेत, एबीत साधारण पाचातल्या एकाला. यावरून बीसी सोपं आहे असा अर्थ काढू नका. बीसीला बसणारी मुलंच मुळात गणितात पुढे असतात.

यातून तुमच्या ७१बद्दल एक महत्त्वाची गोष्ट निघते. शिक्षिकांनी टेस्ट खऱ्या एपीच्या काठिण्यपातळीची काढली असेल आणि टक्के मात्र सरळ शाळेच्या पट्टीवर टाकले असतील, तर शाळेत ‘सी’ ठरणारा तो पेपर मेमधल्या परीक्षेत ५च्या आसपासचा असू शकतो. काही शिक्षक म्हणूनच ९पैकी ६ला थेट ६७ टक्के न लिहिता त्याचं रूपांतर ‘बी’मध्ये करतात. काही करत नाहीत, कारण त्यांच्या टेस्टमध्ये एपीइतके अवघड प्रश्न मोजकेच असतात आणि बाकीचे रोजच्या सरावातले. तुमच्या शाळेत यातलं काय चालतं ते वर्षाच्या सुरुवातीला दिलेल्या कोर्सच्या पत्रकात बहुधा लिहिलेलं असेल. ते आधी शोधा. शिवाय बऱ्याच शाळांत एपीला वेटेड जीपीए असतो, म्हणजे ग्रेडची सरासरी काढताना ‘बी’ला ३ऐवजी ४ धरतात. युसी (युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्निया) विद्यापीठंही प्रवेशाच्या वेळी एपीच्या ‘सी’पर्यंतच्या ग्रेडला असा जादा गुण देतात, मात्र त्याला मर्यादा आहे.

आता ‘उत्तरं बरोबर होती तरी गुण गेले’ याकडे वळते. सगळ्या प्रश्नाचं मूळ इथे आहे. एक उदाहरण घेऊन सांगते, एपीच्या धर्तीचं, आकडे माझे.

एका टाकीत पाणी सोडलंय. टी मिनिटांनी पाणी आत येण्याचा दर आर(टी) लिटर प्रति मिनिट. आर हे डिफरन्शिएबल फंक्शन आहे आणि सतत कमी होत जातं. तक्त्यात चारच वेळा दिल्यात: ०, ३, ७ आणि १२ मिनिटं. त्या वेळचे दर २०, १५, ९ आणि ८.

पहिला भाग: टी = ५ला डेरिव्हेटिव्हची, म्हणजे आर किती वेगाने बदलतोय त्याची, अंदाजे किंमत काढा, एककांसह, आणि तिचा अर्थ सांगा. मुलं (९ − १५) भागिले (७ − ३) करून −१.५ काढतात. एक गुण मिळाला. एकक ‘लिटर प्रति मिनिट’ लिहितात. ते चूक, कारण दराच्या बदलाचा दर आहे, तेव्हा लिटर प्रति मिनिट प्रति मिनिट. मग अर्थ लिहितात: ‘टाकीतलं पाणी कमी होतंय.’ इथे खरा घोटाळा होतो. पाणी कमी होत नाहीये, ते वाढतंच आहे. आत येण्याचा वेग तेवढा मंदावतोय. हे वाक्य चुकवणाऱ्या मुलीला वजाबाकी आणि भागाकार येतो, पण डेरिव्हेटिव्ह म्हणजे काय ते अजून पुरतं बसलेलं नाही. तिच्या लेखी मात्र ‘उत्तर बरोबर होतं’.

दुसरा भाग: डावीकडची रीमान बेरीज (प्रत्येक टप्प्याच्या सुरुवातीचा दर टप्पाभर धरून केलेली बेरीज) वापरून १२ मिनिटांत किती पाणी आलं त्याचा अंदाज काढा, आणि तो अंदाज खऱ्यापेक्षा जास्त की कमी ते कारणासह सांगा. ३ गुणिले २०, अधिक ४ गुणिले १५, अधिक ५ गुणिले ९. एपीत इथेच पेन उचललं तरी चालतं, १६५ पर्यंत जायची गरज नाही. उलट पुढे जाऊन बेरीज चुकवली तर मिळालेला गुण जातो. मग ‘जास्त’ एवढंच लिहिलं तर गुण शून्य. ‘जास्त, कारण आलेख खाली जातो’ हे मोघम. ‘जास्त, कारण आर हे ० ते १२ या अंतरालात कमी होणारं फंक्शन आहे’ असं लिहिलं की गुण पक्का.

तिसरा भाग: अशी एखादी वेळ असलीच पाहिजे का, जेव्हा डेरिव्हेटिव्ह बरोबर −१ असेल? (८ − २०) भागिले १२ म्हणजे −१, तेव्हा मीन व्हॅल्यू थिअरमनुसार (सरासरी दराइतका दर मधे कुठेतरी येतोच असं ती सांगते) हो. मराठी घरांतली हुशार मुलं इथे झटकन ‘हो’ लिहून पुढे जातात. पण थिअरम वापरायच्या आधी तिच्या अटी पूर्ण होतात हे लिहावं लागतं: आर डिफरन्शिएबल आहे, म्हणून कंटिन्युअस आहे. ही ओळ प्रश्नात जवळजवळ दिलेलीच असते, तरी ती उत्तरात आली पाहिजे. ती नसली की गुण जातो. पालक म्हणून हे खटकतं, मला कळतं. पण कारण पक्कं आहे. अटी न तपासता थिअरम लावायची सवय लागली की पुढे कॉलेजात जिथे अट पूर्ण होत नाही तिथेही ती लावली जाते आणि सगळं गणित हवेत उभं राहतं.

अशा तऱ्हेने तीनही भागांत आकडेमोड बिनचूक करून ९पैकी ५ मिळवता येतात. तिच्या पेपरात नेमकं हेच झालं असावं, असा माझा अंदाज आहे.

अशा आणखी काही जागा आहेत, जिथे वर्गातले शिक्षक आणि मेमधले तपासनीस दोघेही काटेकोर असतात. इनडेफिनिट इंटिग्रलमध्ये ‘अधिक सी’ विसरणं. डिफरन्शियल इक्वेशनमध्ये एक्स आणि वाय वेगळे न करता पुढे जाणं: तिथे त्या भागाचे सगळेच गुण जातात, नंतरच्या ओळी कितीही सुंदर असल्या तरी. लोपितालच्या नियमात (०/० होणारी लिमिट डेरिव्हेटिव्ह घेऊन काढायचा नियम) ‘= ०/०’ असं लिहिणं. अंशाची लिमिट शून्य आणि छेदाची लिमिट शून्य, हे वेगवेगळं लिहावं लागतं. (हा नियम २०१६–१७पासून एबीतही आला आहे, आधी तो फक्त बीसीत होता.) मॅक्सिमम का आहे याचं कारण म्हणून नुसता अधिक-उणे चिन्हांचा तक्ता काढून ठेवणं: तक्ता स्वतःसाठी काढा, कारण वाक्यात लिहा. ‘इट इज इन्क्रीझिंग’ असं लिहिणं. फंक्शन, त्याचं डेरिव्हेटिव्ह आणि सेकंड डेरिव्हेटिव्ह असे तिघेही प्रश्नात हजर असताना ‘इट’ म्हणजे कोण हे तपासनीस गृहीत धरत नाहीत. कॅल्क्युलेटरच्या भागात इंटिग्रल कागदावर न मांडता नुसतं उत्तर लिहिणं, किंवा दशांशानंतर तीन स्थळांपर्यंत अचूक न देणं. आणि कॅल्क्युलेटर डिग्रीमध्ये राहिलेला असणं, हे दरवर्षी कुणाचं तरी होतंच.

मेच्या परीक्षेचं तपासणीचं तत्त्व मात्र मुलांच्या बाजूचं आहे, आणि ते तिला जरूर सांगा. जूनमध्ये कॉलेजचे प्राध्यापक आणि हायस्कूलचे शिक्षक एकत्र बसून हे सविस्तर प्रश्न तपासतात. प्रत्येक प्रश्नाचे ९ गुण कुठल्या कुठल्या गोष्टीसाठी, हे आधी ठरलेलं असतं. पूर्ण ९ धरून गुण कापत जायचं, असं तिथे चालत नाही. शून्यापासून सुरू करून मुलाने मिळवलेला एकेक गुण मोजतात. पहिल्या भागात आकडा चुकला आणि तोच चुकीचा आकडा घेऊन पुढचा भाग तर्कशुद्ध सोडवला, तर पुढचे गुण बहुतेक वेळा मिळतात. म्हणून ‘अ’ आला नाही तरी ‘ब’ आणि ‘क’ सोडायचे नाहीत. बहुपर्यायी प्रश्नांत चुकीच्या उत्तराला २०११पासून दंड नाही, तेव्हा एकही प्रश्न रिकामा ठेवायचा नाही. ज्या घरात मोठ्या भावंडाने जेईई दिली आहे तिथे ही गोष्ट मुद्दाम सांगावी लागते.

आपल्या बारावीशी तुलना केलीत तर फरक नीट दिसेल. महाराष्ट्र बोर्डाच्या अकरावी-बारावीत लिमिट, डेरिव्हेटिव्ह, इंटिग्रेशन, डिफरन्शियल इक्वेशन हे सगळं आहे. इंटिग्रेशनच्या युक्त्या तर आपल्याकडे एपीपेक्षा जास्त आणि जास्त अवघड. सूत्र हातात असलं आणि सराव दांडगा असला की पेपर सुटतो. त्यामुळे वडील संध्याकाळी शेजारी बसून झपाझप इंटिग्रल सोडवून दाखवतात आणि मुलीला वाटतं आपल्याला सगळं येतंय. पण एपीत फंक्शन सूत्रातून येईलच असं नाही. ते कधी तक्त्यातून येतं, कधी नुसत्या आलेखातून, कधी परिच्छेदभर शब्दांतून. डेरिव्हेटिव्हचा आलेख देऊन मूळ फंक्शनबद्दल विचारतात. तिथे सूत्र पाठ असण्याचा उपयोग थोडाच. दुसरी गोष्ट, सप्टेंबरमध्ये वर्गात लिमिट चालू असताना घरी लोपितालचा नियम शिकवू नका. वर्गात अजून डेरिव्हेटिव्हच आलेलं नाही. शिक्षिका बैजिक पद्धत अपेक्षित धरतात आणि नियम वापरून आलेल्या बरोबर उत्तराला गुण देत नाहीत. त्या गुणाचं दुःख मुलीला होतं आणि त्याचं कारण तिच्या घरात असतं.

आता दुसरा प्रश्न, एबी की बीसी. एबीचा अभ्यासक्रम कॉलेजच्या साधारण एका सेमिस्टरचा, आठ युनिटांचा. बीसी दोन सेमिस्टरचा: तीच आठ युनिटं थोड्या भरीसह, आणि वर दोन, पॅरामेट्रिक-पोलर-व्हेक्टर आणि इनफिनिट सिरीज. शाळेचे तास तेवढेच, त्यामुळे बीसीचा वेग जास्त. निर्णय ७१कडे बघून करू नका, पेपर उघडून करा. गेलेल्या गुणांच्या बाजूला पेन्सिलने कारण लिहायला सांगा: बीजगणित चुकलं, संकल्पना चुकली, लिहिलं अपुरं, की वेळ पुरला नाही.

लिहिलं अपुरं असेल तर बदली करण्यात काही अर्थ नाही. हे सहा-आठ आठवड्यांत सुधारतं, आणि एबीतही हीच शिस्त आहे. वेळ पुरला नसेल, वर्गात पुढचा धडा सुरू होतो तेव्हा मागचा अजून धूसर असेल, तर एबीचा खरा फायदा होईल. त्यात कमीपणा काहीच नाही. अकरावीत एबी आणि बारावीत बीसी असा क्रम कितीतरी शाळांत रुळलेला आहे.

बीजगणित चुकत असेल तर मात्र थांबून विचार करा. मुलं कॅल्क्युलसमध्ये अडखळतात ती बहुतेक वेळा कॅल्क्युलसमुळे नाही. अपूर्णांक घातांक, लॉगचे नियम, (एक्स + एच)चा वर्ग, कंस सोडवताना उणे चिन्ह, युनिट सर्कलवरच्या किमती, या जागा कच्च्या असतात. आठवीत आल्जिब्रा घाईने उरकून, उन्हाळ्यात जिऑमेट्री ऑनलाइन करून एक वर्ष वाचवलेल्या मुलांत हे मी सर्रास बघते, आणि त्यांत आपल्या देशी घरांतली मुलं पुष्कळ असतात. एबीत गेल्याने हे बरं होत नाही, कारण तिथलं बीजगणितही तेच आहे. अमेरिकेतल्या दोन मोठ्या गणित संघटनांनी, कॉलेजच्या प्राध्यापकांच्या एमएएने आणि शालेय शिक्षकांच्या एनसीटीएमने, २०१२मध्ये एकत्र निवेदन काढून हेच म्हटलं होतं, की शालेय गणिताचं अंतिम ध्येय बारावीपर्यंत कॅल्क्युलसला पोहोचवणं हे नाही, पुढे कुठेही जाता येईल असा पाया घालणं हे आहे. आणि गणिताचे शिक्षक हायमी एस्कलांते यांचं उदाहरण तर या विषयात सगळ्यांनाच ठाऊक असतं. पूर्व लॉस एंजेलिसच्या गारफील्ड हायस्कुलातले त्यांचे १८ विद्यार्थी १९८२मध्ये एपी कॅल्क्युलस पास झाले. त्यांतल्या १४ जणांवर कॉपीचा संशय घेतला गेला, १२ जणांनी परीक्षा पुन्हा दिली आणि सगळेच्या सगळे परत पास झाले. लोकांच्या लक्षात हा वाद राहिला. मला त्यातली दुसरी गोष्ट मोलाची वाटते. हे यश एका वर्षात आलं नाही. त्यांनी शाळेत कॅल्क्युलसच्या आधीचे वर्ग, आल्जिब्रा आणि ट्रिगनॉमेट्री, वर्षानुवर्षं बांधत आणले, उन्हाळ्यातही वर्ग चालवले, आणि मग कॅल्क्युलसचा वर्ग भरला.

बीजगणित कच्चं निघालं तर तुमच्या लेकीला वर्ष फुकट घालवायची गरज नाही. रोज वीस मिनिटं फक्त तेवढंच, दिवाळीपर्यंत. अकरावीतल्या मुलीला नववीचं पुस्तक काढायला संकोच वाटतो. तिला सांगा की हे करणारी मुलंच जानेवारीत सावरलेली दिसतात.

होमवर्कला फक्त १० टक्के का, हेही समजून घ्या. फोनने उदाहरणाचा फोटो काढला की पायऱ्यांसह उत्तर येतं, हे शिक्षकांना पूर्ण माहीत आहे. होमवर्कला ३० टक्के ठेवले तर जे स्वतः करतात त्यांच्यावरच अन्याय होतो. म्हणून आम्ही त्याचं वजन कमी केलं. महत्त्व कमी झालेलं नाही. बीसीसाठी वर्गाबाहेर आठवड्याला पाच ते सहा तास लागतात असं मी पालकसभेत सांगते. पण तास मोजण्यापेक्षा ते कसे जातात ते बघा. उत्तरपत्रिका उघडी ठेवून पन्नास उदाहरणं ‘समजली’ म्हणणं आणि ती मिटवून आठ स्वतः लिहिणं, यांतलं दुसरं टेस्टच्या दिवशी कामाला येतं. आणि एक सविस्तर प्रश्न १५ मिनिटांत, घड्याळ लावून. परीक्षेत सहा प्रश्नांना ९० मिनिटंच असतात.

ईमेलबद्दल. लिहावी, पण मुलीने. अकरावीतल्या विद्यार्थिनीने स्वतः लिहिलेल्या दोन ओळींना शिक्षक जितक्या आपुलकीने उत्तर देतात तितक्या आपुलकीने पालकांच्या पानभर पत्राला देत नाहीत, हे मी टेबलाच्या या बाजूने सांगते. ‘माझे गुण का कापले’ असा सूर नको. ‘तिसऱ्या प्रश्नाच्या ब भागात माझ्या कारणात काय कमी पडलं ते मला समजलं नाही, शाळेआधी किंवा लंचमध्ये भेटू का?’ एवढं पुरे. भेटीला जाताना पेपर आणि स्वतः दुरुस्त केलेलं उत्तर सोबत न्यावं. टेस्ट करेक्शनला किंवा रिटेकला काही गुण परत मिळतात का, तेही तिनेच विचारावं. तुम्ही लिहायची वेळ एकाच बाबतीत येते: वर्ग बदलायचा ठरला आणि त्याची शेवटची तारीख जवळ आली. ही तारीख शाळेगणिक वेगळी असते आणि ती उलटल्यावर ट्रान्सक्रिप्टवर तशी नोंद राहू शकते, म्हणून कौन्सेलरला या आठवड्यातच विचारून ठेवा.

५ मिळाले नाहीत तर पुढे काय, ही भीती तुमच्या प्रश्नाच्या ओळींमधून दिसते. क्रेडिटचं, म्हणजे एपीच्या स्कोअरवर कॉलेजचा विषय पूर्ण झाला असं धरण्याचं, धोरण प्रत्येक कॉलेजचं वेगळं आहे. एमआयटी बीसीच्या ५ला पहिल्या कॅल्क्युलसचं क्रेडिट देते, कॅलटेक कुठल्याच एपीला क्रेडिट देत नाही. युसी विद्यापीठं ३पासून युनिट देतात. इलिनॉयच्या सरकारी कॉलेजांना ३ मान्य करणं कायद्याने बंधनकारक आहे. शिवाय बीसीच्या निकालात ‘एबी सबस्कोअर’ वेगळा येतो, त्यामुळे सिरीजमध्ये गडबडलेल्या मुलाचंही पहिल्या सेमिस्टरचं ज्ञान कागदावर दिसतं. यातलं काहीच या सप्टेंबरच्या टेस्टवर अवलंबून नाही. अर्जात कॉलेजला दिसेल ती वर्षाची ग्रेड, आणि तिला अजून खूप टेस्ट बाकी आहेत.

राहिली ट्यूशन. लगेच लावू नका. आधी पेन्सिलने लिहिलेली ती कारणं बघा. संकल्पनाच चुकत असेल आणि शिक्षिकांकडे दोनदा जाऊनही उलगडा होत नसेल, तर जरूर लावा, पण माणूस निवडताना एक प्रश्न विचारा: एपीच्या जुन्या सविस्तर प्रश्नांची अधिकृत गुणदान-पत्रकं वापरून शिकवता का? उत्तर ‘नाही, आमचं स्वतःचं मटेरियल आहे’ असं आलं तर दुसरा बघा. ती पत्रकं कॉलेज बोर्डच्या संकेतस्थळावर फुकट आहेत, गेल्या कित्येक वर्षांची, मुलांनी लिहिलेल्या खऱ्या उत्तरांच्या नमुन्यांसह आणि त्यांना किती गुण का मिळाले या टिपणासह. (२०२० वगळा, त्या वर्षी कोविडमुळे परीक्षा घरून आणि फक्त दोन प्रश्नांची झाली होती.)

पुढच्या टेस्टआधीच्या दोन शनिवारी तिला वर्गात शिकवून झालेल्या भागाशी जुळणारा एक प्रश्न १५ मिनिटांत सोडवू द्या. मग पत्रक उघडून तिने स्वतःच स्वतःला ९पैकी गुण द्यायचे, तपासनिसाइतकं काटेकोर होऊन. शेवटी तिने दिलेले गुण तुम्ही त्या पत्रकाशी ताडून बघा. त्यासाठी तुम्हाला कॅल्क्युलस आठवत असण्याची गरज नाही, कुठल्या ओळीला गुण आहे ते तिथे स्पष्ट छापलेलं असतं.